बोरदऱ्याचा चढ

"शरणार्थ काका. तुमचा बोरदऱ्याचा चढ काही सापडंना," मल्लिनाथ दुकानाच्या पायरीवर चपला काढत म्हणाला.

मडिवाळप्पा ब्लाऊजपीसच्या घड्या घालत होते. त्यांनी हात थांबवला नाही. "सापडंना म्हंजे? पळून गेला का काय?"

"खरंच सांगायलो. परवा मी सायकलवर गेलतो. जळकोट ते मुखेड तुम्ही पाच चढ सांगितले. चार लागले. बोरदऱ्याला सडक ताटावानी सपाट हाय. मोबाईलमधी बी तसंच दिसतंय."

मल्लिनाथ लातूरला बँकेत होता. तिथल्या सायकलवाल्यांना त्यानं एकत्र केलं होतं. रविवारी पन्नास जण उदगीरहून निघून जळकोट, मुखेड, कंधार करत डोंगरातल्या सडकेनं नांदेड गाठणार होते. महिन्यापूर्वी तो वाटेची माहिती विचारायला आला, तेव्हा मडिवाळप्पांनी डोळे मिटून सगळे चढ सांगितले होते. एकूण अकरा. कुठला छातीवर येतो, कुठला लांब पण सोपा, कुठल्या चढाखाली हातपंप आहे. त्यांच्याच सांगण्यावरून पाण्याचं टेबल बोरदऱ्याला ठेवायचं ठरलं होतं.

"तुझ्या मोबाईलचं मला काय सांगतो," मडिवाळप्पा म्हणाले. "वीस वर्षं फिरलाव आम्ही दोघं त्या सडकेवर."

ते खरं होतं. एसटीत कटपीसच्या गाठोड्यांवरून कंडक्टर रोज भांडायचा, म्हणून त्यांनी सायकल धरली. गाठोडं पुढे, बायको नीलाबाई मागे कॅरिअरवर. आज जळकोटचा बाजार, उद्या मुखेडचा, अधूनमधून कंधार. कधी माल आणायला थेट नांदेड. चढ आला की बाईनं उतरायचं आणि गड्यानं सायकल ढकलायची, ही बाजारकऱ्यांची रीतच होती. सपाटीवर मात्र बाई कॅरिअरवरच दिसली पाहिजे. ती पायी चालताना दिसली की मागून येणारे गड्याला दिवसभर सोडत नसत. "हवा गेली का रं? चाकातली न्हाई म्हणत," असं भर बाजारात ऐकावं लागे.

त्यामुळे मडिवाळप्पांना चढ ठाऊक होते ते नीलाबाईच्या उतरण्यावरून. ती मागून अर्धं कानडीत म्हणायची, "साकु, साकु. पुरे. थांबवा. चढ आला." ते उतरत, ती उतरे, आणि मग चढ संपेपर्यंत तिचं बोलणं चाले. पोरीच्या शाळेचं, भावजयीचं, कुठल्या गिऱ्हाइकानं कुठला रंग मागितला त्याचं. बोरदऱ्याला ती सगळ्यात जास्त बोलायची. तिथं मडिवाळप्पांच्यात हुंकार द्यायचाही दम उरलेला नसे.

नीलाबाईला जाऊन आठ महिने झाले होते. तिचा आवाज आताच कानातून सुटू लागला होता. पोरीच्या मोबाईलमध्ये तिचे फोटो होते, पण सगळे दुखण्यातले. धडधाकट नीलाबाई भेटायची ती फक्त त्या सडकेवर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मडिवाळप्पा गल्ल्यावर बसल्या बसल्या मनानं उदगीरहून निघायचे आणि एकेका चढाला तिला उतरवून घ्यायचे. आता त्यातला एक चढ नव्हताच म्हणे. एक खोटा निघाला तर बाकीच्या दहांचा काय भरवसा? मग तिथं ती बोललेलं सगळंच आपण मनानं रचलं की काय?

"सडक रुंद करताना फोडला असंल," ते म्हणाले. "गाडी आणलीस ना? चल, दावतो कुठं होता ते."

त्यांनी दुकानाचं शटर ओढून घेतलं.

मल्लिनाथच्या गाडीवर त्याची सायकल बांधलेली होती. जळकोट मागे पडलं. चढ येत होते, जात होते, पण गाडीत बसल्यावर त्यांचं काही वाटत नव्हतं. पुढे लागोपाठ दोन मोठे चढ झाले आणि बोरदऱ्याची पाटी आली. मडिवाळप्पांनी गाडी थांबवायला लावली.

"सायकल खाली घे."

ते सायकलवर बसले, मल्लिनाथनं मागून सीट धरली. "आता सोड," असं म्हणून त्यांनी दोन्ही पाय उचलले. चढ असता तर सायकल मागे आली असती. ती जागची हलली नाही. कलंडायला लागली तेव्हा मल्लिनाथनं घाईनं धरली. वीस पावलं पुढे जाऊन त्यांनी पुन्हा तसंच करून पाहिलं. तिथंही तेच.

सडकेला लागून एक घर होतं. अंगणात एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मघापासून ती हा खेळ बघत होती.

"मावशी," मल्लिनाथनं विचारलं, "इथला चढ कधी फोडला वो?"

"कोन्ता चढ?"

"सडक रुंद केली तवाचा."

"लगीन होऊन आले तवापासनं हाव मी हितं. हितं चढ कवाच नव्हता." मग तिनं कपाळावर हात धरून नीट पाहिलं. "अवो, तुमी कटपीसवाले न्हवं का? मी विठाबाई. माझ्या पोरीच्या बारशाचं कापड तुमच्याकडलंच. मागं बाई बसायच्या की तुमच्या. कशा हायत?"

"गेली. आठ म्हैने झाले."

विठाबाईचे हात शेंगांवर थांबले.

"हितंच उतरायच्या," ती मग म्हणाली. "एकदा मी इचारलं, बाई, सपाटीला का उतरता, भांडलात का काय? तर हळूच म्हणल्या, मागचे दोन चढ लागोपाठ झाले की ह्यांच्या छातीचा भाता होतोय. घडीभर बसा म्हणलं तर माझ्यावरच खेकसतेत. चढ आला म्हणलं की गुमान उतरतेत."

मडिवाळप्पा सडकेकडे बघत राहिले. "आन मागून कुनी बाजारकरी आला तर?"

"तर बाईच म्हणायच्या, माझ्या पायाला मुंग्या आल्यात, मीच उतरले."

"मला कसं दिसलं न्हाई म्हणतो मी."

"तुमी मान खाली घालून ढकलायचा. मान वर करायची फुरसत कुठं व्हती तुमाला?" तिनं पुन्हा शेंग हातात घेतली. "चहा टाकू का?"

"येताना घेतो."

मल्लिनाथ मोबाईल खिशात घालत म्हणाला, "काका, टेबल राहू द्या इथंच. काय बिघडतंय?"

"येडा का तू? पोरं तहानतेत तिकडं. पुढच्या चढाखाली ठेव, लिंबाची सावली हाय."

"आणि कागदावर चढ किती लिहू?"

"दहा लिही."

मल्लिनाथ गाडीकडे वळला. मडिवाळप्पांनी त्याला पुढे जायला सांगितलं आणि ते सायकल हातात धरून चालू लागले. या खेपेला त्यांची मान वर होती. दोन्ही अंगांना तुरी वाळल्या होत्या. डावीकडे लांब एक पाझर तलाव होता, मधोमध पाणी आणि कडेला चिखल. तो तिथं किती वर्षांपासून होता कोण जाणे. नीलाबाईनं तो नक्की पाहिला असणार. कदाचित दाखवलाही असेल.

दीड-दोनशे पावलांवर एक मोरी होती. तिथं पोचेपर्यंत श्वास जागेवर येत असे, आणि तिथंच ती मागून म्हणायची, "संपला चढ. बसू का?"

मोरीपाशी मडिवाळप्पा थांबले. मल्लिनाथच्या सायकलीला कॅरिअर नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं, सायकल डुलू दिली नाही. बाईमाणसाला पदर सावरून एका अंगानं बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी टांग टाकली.