वाळूने विझवलेली चूल

असत्य बोलणे हे पाप आहे, याविषयी कोणत्याही धर्मात दुमत नाही. परंतु ज्या असत्यावाचून दोन जीव वाचत नव्हते, ते उच्चारणाऱ्याने स्वतःला निर्दोष मानावे काय? आणि त्या असत्याची वेळ मुळात त्याच्याच चुकीमुळे आली असेल, तर? झुबीरच्या बाबतीत हा प्रश्न मी अनेक वर्षे मनात वागवला आहे.

झुबीर आमच्या ठाण्यावरील देखभालीचा मुख्य. अल्जीरियाच्या वाळवंटातून उत्तरेस समुद्राकडे जाणाऱ्या गॅसवाहिनीचा तीस किलोमीटरचा भाग त्याच्या स्वाधीन होता. वाहिनीवर काम करायचे, तर दोन्ही टोके बंद करून मधला गॅस उंच नळावाटे आकाशात सोडून द्यावा लागे. गॅस हलका, तो वर निघून जातो. आमच्या वाहिनीच्या तळाशी मात्र पातळ तेल साचत असे, आणि त्याची वाफ हवेहून जड. वारा असला म्हणजे ती विरते. वारा पडला की जमिनीला पोट लावून उताराकडे सरपटत जाते, आणि वाटेत एखादा निखारा भेटला तर पुढचे वर्णन न केलेले बरे. म्हणून नळ उघडण्यापूर्वी उतारावरची दाया, म्हणजे पावसाचे पाणी मुरणारा तो खोलगट भाग, पायी फिरून पाहण्याचा नियम होता. तो नियम झुबीरनेच घातला होता.

त्या दिवशी सकाळी तो नळाखाली उभा राहून काठीला बांधलेले फडके बराच वेळ न्याहाळत होता. शेवटी आमच्यातला मस्ऊद म्हणाला, "दादा, वाऱ्याला इतकं निरखून तर मी माझ्या होणाऱ्या सासऱ्यालाही पाहिलं नव्हतं."

"पाहायला हवं होतंस. आज रडला नसतास," झुबीर म्हणाला.

आम्ही हसलो. वारा चांगला होता. दायेविषयी मी विचारले, तेव्हा आदल्या संध्याकाळी आपण ती फिरून पाहिल्याचे आणि शेळीचे करडूही दिसले नसल्याचे त्याने सांगितले. ते खरेच होते. पण अकरा दिवसांपूर्वी वरच्या पठारावर एक सर पडून गेली होती आणि दायेत बोटभर हिरवळ आली होती. हिरवळीमागे तंबू येतात, हे तंबूतच जन्मलेल्या झुबीरला आम्ही काय शिकवावे? त्याने कालच्या पाहण्यावर आजचा विश्वास टाकला. चूक एवढीच.

नळ उघडला. त्या गर्जनेत शेजाऱ्याचा शब्दही ऐकू येत नाही. आम्ही हातांच्या खुणांनी बोलत असू. पाव तास गेला असेल. आणि फडके काठीला चिकटून लोंबू लागले.

झुबीरने बंद करण्याची खूण केली. मी आणि मस्ऊद चाकाला झोंबलो, पण सुटणाऱ्या गॅसच्या थंडाव्याने व्हॉल्व्हवर बर्फ साचला होता. चाक तसूतसूने फिरत होते. नळातून तेलाचे तुषार उडत होते आणि पांढरे धुके उताराला लागले होते. त्याच वेळी झुबीरला दायेच्या पलीकडच्या टोकाला काळा तंबू दिसला, आणि तंबूपुढे धुराची एक सरळ रेघ.

गाडी सुरू करणे म्हणजे स्वतःच ठिणगी पाडणे. तो धावत सुटला. दायेच्या उंच काठाने, धुक्याला डावीकडे ठेवून तो धावत होता, आणि गॅस मोजणारे यंत्र त्याच्या छातीवर लुकलुकत होते. तंबू सुलेमान या ओळखीच्या उंटपाळाचा होता, हे त्याने बाहेर ठेवलेल्या उंटाच्या खोगिरावरून ओळखले. सुलेमान उंटांना घेऊन विहिरीवर गेलेला. चुलीशी त्याची बायको मबारका होती, आणि तिच्या पाठीशी बांधलेली तान्ही मुलगी.

मबारकाने त्याला पाहिले. दुरून कोणी पुरुष आपल्या तंबूकडे धावत येतो आहे, म्हणजे तो तहानलेला आहे, पाहुणा आहे. आणि पाहुणा येण्याआधी चहा उकळलेला असावा. तिने काटक्यांचा भारा ओढला आणि चुलीत घातला. ज्वाळा हातभर वर आली.

झुबीरने दोन्ही हात हलवले. तिनेही हात हलवून स्वागत केले. तो ओरडला, गर्जनेने त्याचा आवाज गिळून टाकला. तो जितका जवळ जाई, तितकी ती चूल पेटवी. धुके तिच्यापासून तीनशे पावलांवर आले होते, आणि त्याच्यापुढची उताराची वाट त्याच धुक्याने बुडवली होती. तो वेळेत पोहोचणार नव्हता.

तेव्हा तो थांबला. त्याने डोक्याचे मुंडासे सोडून फेकून दिले, गुडघ्यांवर बसला आणि ओंजळी भरभरून वाळू आपल्या उघड्या मस्तकावर ओतू लागला.

त्या प्रदेशात ही खूण एकच गोष्ट सांगते: घरचे माणूस गेले. ज्या घरी ती येते, त्या घरची चूल त्याच क्षणी वाळूने झाकली जाते.

मबारका उभी राहिली. तिच्या घरचा एकच पुरुष बाहेर गेलेला होता. मग तिने दोन्ही हातांनी वाळू उपसली आणि चुलीवर ढकलली, पुन्हा ढकलली. धुराची रेघ तुटेपर्यंत ढकलतच राहिली. झुबीरने हाताने मागचा चढ दाखवला. आक्रोश करीत, लेकीला सावरीत ती तो चढ चढली. तिच्या पाठीमागे धुके तंबूत शिरले, विझलेल्या चुलीवरून गेले आणि काही घडले नाही.

इकडे चाक बसले, नळ बंद झाला. ऊन वाढले तसा वारा सुटला आणि दाया धुऊन निघाली. काठाला वळसा घालून झुबीर तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"कुठं आहे तो?" तिने विचारले.

"बहिणी, कोणी मेलं नाही. चूक माझी होती, आणि खोटंही मीच बोललो."

ती त्याच्या तोंडावर थुंकली नाही, तिने शिवीही दिली नाही. ती म्हणाली, "मघाशीही मी तुझ्यावरच विश्वास ठेवला होता." मग ती विहिरीच्या वाटेकडे तोंड करून बसली. मागाहून आम्ही येऊन दिलेले पाणी तिने मुलीला पाजले, स्वतः घेतले नाही. झुबीर वीस पावलांवर, भर उन्हात, उघड्या डोक्याने बसून राहिला. सुलेमान सुखरूप आहे अशी शपथ घेण्यासही त्याची जीभ रेटेना. कारण त्याने तरी सुलेमानला कुठे पाहिले होते?

अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाच्या सुमारास क्षितिजावर उंट दिसले. पुढे चालणारा, किंचित लंगडणारा मनुष्यही दिसला. मबारका बराच वेळ ते ओळखीचे लंगडणे पाहत राहिली. मग झुबीरकडे न पाहता ती म्हणाली, "डोकं झाक आता, भाऊ. ऊन लागेल."

त्या दिवसापासून झुबीरने त्याच सकाळी दाया स्वतः फिरल्याशिवाय नळ कधी उघडू दिला नाही. त्याचे पाप फिटले की नाही, ते जाणणारा जाणो. त्या माउलीचे सौभाग्य अखंड राहो, तिच्या लेकीला दीर्घायुष्य लाभो. आणि ज्याने त्या दिवशी आपल्या मस्तकावर वाळू घेतली, त्याच्या मस्तकावर ईश्वराची सावली असो.