दंड शून्य

कर्जतच्या त्या कॉलेजात स्वप्नील सरांचा भाव यंदा भलताच वधारला होता. परीक्षेचं वेळापत्रक लावायचं म्हणजे दरवर्षी आठ दिवस नुसती भांडणं. या पठ्ठ्यानं ते काम कॉम्प्युटरच्या गळ्यात मारलं. रीत साधी. आधी कसंही एक वेळापत्रक मांडायचं, मग दोन पेपरांची अदलाबदल करून बघायची. अडचणी कमी झाल्या तर ठेवायची, नाही तर सोडून द्यायची. असं हजारो वेळा! प्रत्येक अडचणीला स्वप्नीलनं एकेक दंड ठरवला होता. दंड शून्यावर आला की झालं काम.

पण दंड सहावर अडला तो हलेचना. कशेळ्यापलीकडून सहा पोरं येतात. त्यांची पहिली एसटी कर्जतला पोचते सव्वानऊला, म्हणून त्यांना साडेआठचा पेपर नको, हा नियम स्वप्नीलनंच घातलेला. इकडे प्राचार्य मॅडम रोज विचारून जीव खात होत्या. शेवटी त्यानं काय करावं? तो नियमच काढून टाकला! सहाच तर आहेत, येतील जीपनं. दंड शून्य झाला, मॅडमनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली, आणि हा गडी लाजून हसलासुद्धा.

साडेआठच्या गणिताच्या पेपराला पाच पोरं आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे येऊन राहिली. सहावी निशिगंधा, तिचं कर्जतात कोणी नव्हतं. जीप भरल्याशिवाय सुटेना, ती पोचली नऊ वाजून दहाला. नऊनंतर वर्गात घेत नाहीत. शेवटचं वर्ष, आणि पेपर बुडाला.

दुसऱ्या दिवशी ती आईला, बायजाला, घेऊन अर्ज द्यायला आली. मॅडमनी स्वप्नीलला बोलावून घेतलं आणि अर्ज वाचला.

"स्वतःच्या उशिराला फेरपरीक्षा नसते गं. कॉलेजची चूक असेल तरच, आणि तसं लेखी लागतं. काय हो सर, तुमची काही चूक आहे का यात?"



"सॉरी सर," निशिगंधा म्हणाली. "परत नाय होनार."

अरे देवा, ही त्याची माफी मागत होती!

"मावशी, तिची चूक नाय," कॉलेजात कधी न बोललेली गावची बोली त्याच्या तोंडून निघाली. "माझी हाय."

"तुमची कशी, सर?" बायजा उलट त्यालाच समजावायला लागली. "आमच्याकडची गाडी कवा येते, तुमाला काय ठावं?"

"ठावं व्हतं. मी पाच वर्षं त्याच गाडीनं यायचो. तरी साडेआठला पेपर लावला."

बायजानं पोरीला जवळ ओढलं.

"मग सर, काल मी पोरीला मारलं, त्याचं काय?"

स्वप्नीलनं अर्ज पुढ्यात ओढला आणि खाली आपली चूक लिहायला सुरुवात केली.