बेचाळीसचे एकोणपन्नास कुणी केले?

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कपाटात धूळ खात पडते तसली पुठ्ठ्याची नव्हे. मी फोनवर उघडते, कॉम्प्युटरवर उघडते आणि छापलीत तर पाच पानं भरते. माझ्यात तिसरीच्या मुलांसाठी बारा गणितं आहेत. मी फुकट मिळते आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. आज मात्र मला राग आलाय, आणि तो तुम्हाला ऐकून घ्यावा लागेल.

माझा जन्म कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत झाला, एका रविवारच्या दुपारी, अनुजाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. बाई कोडोलीजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवतात. त्यांच्या वर्गात फरहीन नावाची एक मुलगी होती. गणिताच्या तासाला ती तोंड उघडायची नाही. पण तिच्या घरी म्हैस होती. तिची आई हुसेनबी दोन वेळा धार काढायची आणि फरहीन किटली घेऊन डेअरीला जायची. बाईंनी ठरवलं, हिला हिच्या घरातलीच गणितं घालायची. फुकट मिळणाऱ्या एका ॲपमध्ये त्यांनी मला टाईप केलं. फुकटच्या चित्रांमध्ये म्हैस शोधली, तर तिथे सगळ्या ठिपक्याठिपक्यांच्या परदेशी गायी. शेवटी बाईंनी स्वतःच म्हैस काढली. शिंगं जरा जास्तच लांब झाली, पण म्हैस ओळखू येते.

माझं सातवं गणित असं होतं. बयाबाईंची म्हैस सकाळी चार लिटर आणि संध्याकाळी तीन लिटर दूध देते. रोज एक लिटर घरी ठेवून बाकीचं डेअरीला घालतात. तर आठवड्यात डेअरीला किती लिटर जाईल?

शेवटच्या पानावर उत्तरं होती आणि त्याखाली एक मोकळी चौकट. चौकटीवर बाईंनी लिहिलं होतं, ‘घ्या, वापरा, बदला. चूक सापडली तर इथे लिहा आणि मला कळवा.’ मग जिथे शिक्षक एकमेकांसाठी फुकट साहित्य ठेवतात, अशा एका वेबसाईटवर त्यांनी मला ठेवलं. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं. तेव्हा मला कोण आनंद झाला होता.

पहिली चूक बाईंचीच होती, ती मी लपवणार नाही. घाईत त्यांनी सातव्याचं उत्तर एकोणपन्नास लिहिलं. सोमवारी वर्गात बाईंनी तेच उत्तर फळ्यावर लिहिलं, तेव्हा वहीत बेचाळीस लिहिलेली फरहीन पहिल्यांदाच उभी राहिली.

“बाई, घरात ठेवल्यालं दूध कुठं गेलं?”

बाईंनी फळ्यावर गणित पुन्हा मांडून पाहिलं. मग सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, “चुकलं माझं. फरहीनचं बेचाळीस बरोबर आहे.” त्याच दिवशी त्यांनी वेबसाईटवर मला दुरुस्त केलं आणि चौकटीत लिहिलं, ‘ही चूक फरहीनने शोधली.’ ग्रुपवरही कळवलं. त्या दिवसापासून ती मुलगी हात वर करायला लागली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई हीच.

पण तोवर माझी पहिली प्रत ग्रुपवरून हातोहात पुढे गेली होती. वेबसाईटवर जाल तर दुरुस्त झालेली मी भेटते. फोनमध्ये उतरवून घेतलेली प्रत मात्र जशी होती तशीच राहते. ती प्रत कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या राजवर्धन सरांकडे पोचली. हे ग्रुपचे प्रमुख. त्यांनी काय केलं ऐका. बाईंचं नाव काढलं. स्वतःचं नाव घातलं. चूक लिहायच्या चौकटीवर स्वतःचा फेटा बांधलेला फोटो चिकटवला. मग मला कुलूप घातलं, म्हणजे कुणालाही एक अक्षर बदलता येऊ नये. खाली लिहिलं, ‘सर्व हक्क राखीव.’ फुकट वाटायला जन्मलेल्या मला हक्क राखीव. सांगताना अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

असं करून सरांनी मला परत ग्रुपवर टाकलं. तिथे अडीचशे शिक्षक होते. ‘छान उपक्रम सर.’ ‘खूप उपयुक्त.’ नमस्काराचे हात, अंगठे, फुलं. मला पुढे सगळ्यांनी पाठवलं, पण उघडून एक गणित सोडवलं असेल तर शपथ. दुसऱ्यांच्या मुलांना पाढे पाठ करायला लावणारी ही माणसं. सहा सत्ते करायला त्यांना अर्ध्या मिनिटाचीही सवड नव्हती. आणि दुरुस्तीचा बाईंचा मेसेज? तो त्या फुलांखाली गाडला गेला.

पुढे काही शाळांनी मिळून तिसरीची गणित स्पर्धा घेतली. पेपर राजवर्धन सरांनी काढला, म्हणजे उत्तरांचं पान तेवढं वगळून कुलपातली मीच छापली. फरहीन नवे बूट घालून कोल्हापूरला आली. बाराही गणितं तिने सोडवली. सातव्यापुढे बेचाळीस लिहिलं आणि तेवढंच गणित लाल पेनाने काटलं गेलं.

बाई तिला हाताला धरून सरांच्या टेबलापाशी गेल्या. “सर, पोरीचं उत्तर बरोबर आहे. एक लिटर घरी राहतंय.”

“बाई, उत्तरसूचीत एकोणपन्नास हाय. मी काय करू?”

“एकदा सोडवून बघा की.”

“एवढं पेपर पडल्यात. एकेक गणित सोडवत बसू व्हय?”

“सर, ही फाईल माझी आहे. चूक माझीच होती, मी ती दुरुस्त केलीय.”

“तुमची कशी? फोटो कुणाचा हाय बघा की त्यावर.”

सर वाईट माणूस नाहीत. पोरांना बिस्किटाचे पुडे त्यांनी पदरचेच वाटले होते. पण समोर आठ वर्षांची पोर उभी होती आणि तिच्यादेखत त्यांनी पुढचा पेपर ओढला. मला त्याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी मला पुन्हा सोडवायला दिलं. फरहीनने सवयीने बेचाळीस लिहिलं. मग थांबली. खोडरबर घेतलं आणि कागद पातळ होईस्तोवर खोडत बसली. वर लिहिलं, एकोणपन्नास.

“असं का गं?” बाईंनी विचारलं.

“तिथं ह्येच बरोबर धरत्यात न्हवं बाई?”

मित्रांनो, मी निर्जीव आहे, मला रडता येत नाही. पण ज्या पोरीसाठी मी जन्मले, तिला माझ्याच तोंडून खोटं शिकवलं गेलं. एक गुण गेल्याचं दुःख मला नाही. तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला, याचा राग आहे.

बाईंनी मग दोन कामं केली. वेबसाईटवर जाऊन माझी उत्तरसूचीच काढून टाकली. त्या जागी लिहिलं, ‘आधी स्वतः सोडवा.’ ग्रुपवर लगेच ओरड झाली, ‘उत्तरं पाठवा मॅडम.’ बाईंनी एकच ओळ टाकली, ‘बाराच गणितं आहेत, सोडवा.’ त्यानंतर मला फारसं कुणी पुढे पाठवत नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

दुसरं काम म्हणजे त्यांनी हुसेनबीला शाळेत बोलावलं. डोक्यावरचा पदर सारखा करत ती दारातच उभी राहिली. बाईंनी तिला सातवं गणित वाचून दाखवलं आणि विचारलं, “हुसेनबी, तुमची म्हैस एवढंच दूध देत असेल, तर आठवड्याला डेअरीला किती घालाल?”

तिने बोटांवर मोजलं. “बेचाळीस.”

“आणि कुणी एकोणपन्नास सांगितलं तर?”

“मग आमी चा कशाचा प्यायचा?”

सगळा वर्ग हसला. फरहीनही हसली, पण पेन्सिल तिने हातात घेतली नाही.

तुमच्यापैकी कुणी उद्या शिक्षक होईल, कुणी आजही आहे. माझ्यासारख्या फाईली तुम्हाला रोज मिळतील. फुकट घ्या, खुशाल घ्या, त्यासाठीच आम्ही आहोत. पण वर्गात न्यायच्या आधी आम्हाला उघडा, सोडवा, ज्याने बनवलं त्याचं नाव राहू द्या आणि चूक लिहायची जागा झाकू नका. एवढंही जमणार नसेल, तर मला हात लावू नका.

आणि हो, त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. वर्गाचं हसू ओसरल्यावर फरहीन उठून बाईंच्या टेबलापाशी आली. तिसरीत पेनाने लिहायला परवानगी नसते.

“बाई, तुमचं प्यान द्या,” ती म्हणाली. “पेन्सिलीचं खोडता येतंय.”

बाईंनी पेन दिलं. माझ्या सातव्या गणितापुढे, त्या पातळ झालेल्या कागदावर, तिने शाईने बेचाळीस लिहिलं.