माझ्या तेलाचा सल्ला पुण्याहून आला

हेरंबचं वागणं मला अजिबात पटलेलं नाही. मित्रांनो, तुम्हीच सांगा, कुणी आपल्या घरच्या वडीलधाऱ्या बाईच्या अंगावर चहाचा कप ठेवून, तिच्यादेखत शेजाऱ्याला म्हणतं का, "अब बूढ़ी हो गई है, यार. इंजिन गेलं हिचं"? तो म्हणाला. कप माझ्या बॉनेटवर होता. त्याचा गोल डाग अजून आहे.

मी एक जुनी लाल मोटार आहे. गाझियाबादला एका सोसायटीच्या आवारात, कडुनिंबाखाली माझी जागा. माझा जन्म हरियाणातल्या एका कारखान्यातला. शिक्षण म्हणाल तर काही नाही. माझ्या अंगावर कारखान्यानं जे छापलं, तेवढीच माझी अक्षरओळख. पण माझ्या पोटात काय घालायचं आणि काय नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

मला घरी आणलं ते हेरंबच्या वडिलांनी, अशोकरावांनी. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात ते नोकरीला होते. तिथली साहेबमंडळी मोठ्या गाड्यांतून फिरायची, पण परीक्षेच्या अभ्यासाला आलेली लातूर-परभणीची पोरं ट्रंका-गाद्यांसकट स्टेशनवर उतरली की त्यांना आणायला जायची ती मी. चार पोरं, चार ट्रंका आणि वर एक स्टोव्ह. कुरकुर केली नाही कधी. त्यातली काही आज मोठे अधिकारी आहेत. ओळख दाखवत नाहीत, ते जाऊ द्या.

दर रविवारी अशोकराव जुन्या धोतराचं फडकं घेऊन यायचे. डिपस्टिक ओढून पुसायचे, पुन्हा घालायचे, तेल किती आहे आणि कसं आहे ते उजेडात धरून बघायचे. बायको खिडकीतून ओरडायची, "अहो, माझी नाडी कधी बघितलीत का अशी?" विनयाबाईंचा तोंडाळपणा मला आवडतो. आमचं दोघींचं जमतं.

आणि दर संक्रांतीला आम्ही पानिपतला जायचो, काला अंब नावाच्या स्मारकापाशी. त्या लढाईत पडलेल्यांच्या आठवणीला दिल्लीकडची मराठी माणसं त्या दिवशी तिथं जमतात. पहाटेचं धुकं, हातभर पुढचं दिसत नाही, आणि अशोकराव काच खाली करून कानानं रस्ता ओळखत चालवायचे. मी त्यांना एकदाही वाटेत उभं केलं नाही.

मग त्यांना चष्म्यातूनही कमी दिसू लागलं. म्हातारपण, म्हणाले सगळे. किल्ली हेरंबकडे गेली. तो नोएडाला कॉम्प्युटरच्या कचेरीत आहे. मुलगा वाईट नाही, पण डिपस्टिक कुठे असते हे त्याला फोनमध्ये बघावं लागतं. धूळ साचली. कबुतरांनी तर मला आपलीच मानली.

आता खरं दुखणं सांगते. या भागात माझ्या वयाच्या गाडीला ठरलेल्या मुदतीनंतर रस्त्यावर फिरता येत नाही. माझी मुदत या उन्हाळ्यात संपते. पुढे दोनच वाटा होत्या. एक भंगाराची. दुसरी संगमनेरची. अशोकरावांची पुतणी तेजश्री तिकडे गुरांची डॉक्टर आहे, वाड्यावस्त्यांवर फिरायला तिला गाडी हवी होती. ती म्हणाली, "काका, इंजिन ठणठणीत असेल तर मी नेते. कागदपत्रांचं मी बघते." अशोकराव त्या दिवसापासून जरा ताठ चालायला लागले.

आणि नेमकी याच थंडीत मी रोज सकाळी खडखडू लागले.

का, ते ऐका. या घरात सगळं पुण्याहून येतं. गोडा मसाला पुण्याचा, पोहे पुण्याचे, पंचांग पुण्याचं. दिल्लीच्या पोह्यांत काय विष असतं देव जाणे. तर दिवाळीनंतर हेरंबनं माझं तेल बदलायचं ठरवलं आणि पुण्याच्या मित्राला, जयेशला फोन लावला. जयेश म्हणाला, "जुनी गाडी आहे ना? दाट तेल घाल. आमच्या काकांची मख्खन चालते." झालं! पुण्याचा शब्द तो. हेरंबनं दाट तेल आणलं. फिल्टर दुकानात जो पहिला हाताला लागला तो घेतला. फिरवून बघितला, बसला. बसला म्हणजे आपलाच, असा त्याचा हिशोब.

पुण्याच्या काकांच्या गाडीला जे मानवलं, ते इथं जानेवारीत मला कसं मानवेल? इथं पहाटे माझ्या काचेवर दव असं गोठतं की हातानं पुसून जात नाही. ते दाट तेल थंडीत काकवीसारखं जड व्हायचं. किल्ली फिरवली की वरच्या भागांपर्यंत पोचायला त्याला उशीर, तोवर माझं लोखंड लोखंडावर घासायचं. मी ओरडत होते, मित्रांनो. लोकांना वाटलं म्हातारी कण्हते आहे.

भोगीच्या सकाळी तेजश्री येऊन उतरली. विनयाबाईंनी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी टाकल्या होत्या. कुणाचं लक्ष भाकरीत नव्हतं. सगळे खाली आले. हेरंबनं किल्ली फिरवली आणि मी जी खडखडले, झाडावरची कबुतरं उडाली.

"बघ," हेरंब म्हणाला, "बाबा, सोडा ना आता. भंगारवाल्याला बोलावतो मी. बिल्कुल संपली आहे ही."

अशोकराव माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

तेजश्रीनं कान लावला. तिचे रोगी बोलत नाहीत, त्यामुळे तिला थांबायची सवय आहे. मी तापत गेले तसा आवाज उतरला, मग थांबला.

"दादा, रोज असंच होतं? सकाळी आवाज, मग बंद?"

"हो. दुपारी काही नसतं. ऑफिसातून निघताना तर एकदम स्मूथ."

"मग हे म्हातारपण नाही. म्हातारपण दुपारी उतरत नाही. तेल कोणतं घातलंस?"

हेरंबनं बाल्कनीतून उरलेला डबा आणला. तेजश्रीनं तो तिरका केला. थंडीत राहिलेलं तेल काठाशी आलं आणि पडू की नको, असं करत बसलं.

विनयाबाई म्हणाल्या, "अरे, याहून माझं तूप बरं! हे घातलंस तिच्या पोटात?"

"काकू, थांबा." तेजश्रीनं माझं इंजिन बंद केलं, तेल ओतायच्या झाकणावरची धूळ ओढणीनं पुसली आणि वाचलं, "५ डब्ल्यू ३०." मग डबा वाचला, "२० डब्ल्यू ५०. दादा, डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. जितका मोठा, तितकं तेल थंडीत जड. हिला काय हवं ते हिच्या डोक्यावर छापलंय."

हेरंबचं तोंड बघण्यासारखं झालं. तेच झाकण उघडून त्यानं तेल ओतलं होतं.

दुपारी गल्लीतल्या गॅरेजात माझं तेल काढलं. जुना फिल्टर सोडवल्यावर तेजश्रीनं त्याच्या भोकात काडी घातली. आत रबराची झडप असायला हवी होती, ती रात्रभर तेल धरून ठेवते. या फिल्टरला ती नव्हतीच. म्हणजे रोज रात्री फिल्टर रिकामा होत होता आणि सकाळी मी कोरड्या घशानं उठत होते. दोन्ही गोष्टी बदलल्या, माझ्या मापाच्या घातल्या.

त्या रात्री अशोकराव झोपले नसावेत. त्यांच्या खिडकीतला दिवा मला दिसत होता. जे हेरंबनं दोन महिने चालवलं, त्यानं आत काय झिजलं असेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही.

संक्रांतीची पहाट. धुकं असं की कडुनिंब दिसेना. सगळे स्वेटर-शालींत. तेजश्री स्टिअरिंगवर बसली. अशोकरावांनी डोळे मिटले.

किल्ली फिरली. तेल धावत वर आलं. मी एक झटका दिला आणि सुरू झाले. खडखड नाही, कुरकुर नाही. विनयाबाईंनी मान कलती करून ऐकलं आणि म्हणाल्या, "चालू आहे ना गं?"

तेजश्री हसली. "काका, नेते मी हिला."

अशोकरावांनी दार उघडलं आणि ते पुढच्या सीटवर बसले. "आधी पानिपत," ते म्हणाले.

निघताना हेरंबनं माझ्या बॉनेटवरचा तो गोल डाग बाहीनं पुसायचा प्रयत्न केला. निघाला नाही. मग त्यानं एक तिळाचा लाडू माझ्या काचेपाशी ठेवला. लाडू ठेवला म्हणजे माफी मागितली, असं या घरात धरतात. संक्रांत होती, गोड बोलायचं असतं. पण माझ्यानं राहवलं नाही. तेजश्रीचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडताच मी सगळ्या आवारात ऐकू जाईल अशी बोलले:

"हेरंबा, तू वाईट नाहीस. पण कुणाला काय लागतं ते त्यालाच विचारावं रे. उद्या नवी गाडी घेशील, तिचं झाकण आधी वाच. आणि आत्ता बाबांना विचार, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला. पुण्याला फोन करू नकोस. ते इथं माझ्या पुढच्या सीटवर बसलेत."