ओढायची काच, फुंकायचा माणूस

मी एक जुनी चिलीम आहे. मातीची नव्हे, काचेची. तळहातात मावेन एवढीच. एका टोकाला वाटी, वाटीच्या डाव्या अंगाला एक भोक आणि दुसऱ्या टोकाला तोंडात धरायची नळी. मित्रांनो, माझी गोष्ट मोठ्यांची आहे. आमच्या ऑरेगन राज्यात एकवीस वर्षं पुरी झाल्याशिवाय माझ्यासारखीला हात लावायचा नाही असा कायदा आहे, आणि तो मला मनापासून पटतो. लहान हातांत काच नको, विस्तव नको आणि गांजा तर नकोच नको. तेव्हा पोरं शाळेत गेली असतील, घर घटकाभर शांत असेल, तर बसा आणि ऐका.

माझा जन्म युजीन गावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. बाहेर आमच्याकडचा तो न थांबणारा बारीक पाऊस होता. मी तेव्हा हातभर लांबीची साधी काचनळी होते. कोरिन हॉगन नावाच्या बाईने मला निळ्या ज्योतीत धरलं आणि बोटांनी फिरवायला सुरुवात केली. फिरवणं एकसारखं हवं, जरा थांबलं की काच एका बाजूला ओघळते. मी लालसर झाले, मऊ झाले. मग तिने माझ्या एका टोकाला तोंड लावून हळूच फुंकर मारली आणि माझं पोट फुगलं. माझा पहिला श्वास हा असा तिचाच.

पोटाच्या वरच्या अंगाला काचेचा दुसरा तुकडा जोडून, दाबून तिने वाटी केली. आतून चांदीची वाफ दिली, त्यामुळे माझा रंग फिकट पिवळा झाला. आणि सगळं इतकं निगुतीने बंद केल्यावर बाईंनी माझ्या बाजूला मुद्दाम एक भोक पाडलं! मला काही कळेना. नळीतून हवा जाणार, वाटीतून हवा येणार, मग हे तिसरं दार कशाला? भट्टीत बारा तास हळूहळू निवत असताना मी याच एका गोष्टीचा विचार करत होते.

कोरिन आपल्या चिलमी शनिवारच्या बाजारात मांडायची. मला मात्र तिने मांडलं नाही. स्वयंपाकघरातल्या फडक्यात गुंडाळून, जाकिटाच्या खिशात घालून ती मला आपल्या बापाकडे घेऊन गेली.

तिचा बाप ऑर्विल. वय सत्तर. एक्केचाळीस वर्षं त्याने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेसाठी काचेची उपकरणं फुंकली. नळीच्या पोटात नळी, तिच्या पोटात वेटोळं, असली कामं. कोरिनला काच शिकवली ती त्यानेच. पण तिने चिलमी करायला घेतल्या आणि याचं बिनसलं. "खेळणी," असं म्हणायचा तो तिच्या कामाला. अकरा वर्षांत तिने केलेली एकही वस्तू त्याने उचलून पाहिली नव्हती.

आता त्याला आतड्याचा आजार झाला होता. औषधाने आजार हटत होता, पण त्याच औषधाने अन्नाचा वास सोसत नव्हता. मळमळीच्या गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. गांजा घातलेल्या वड्याही त्याने घेऊन पाहिल्या, त्याही उलटून पडल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "बुधवारी वजन करू. एकशे पंधरा पौंडांच्या खाली गेलात तर पुढचं औषध देता येणार नाही." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "धूर काही औषध नव्हे, छातीला चांगलाही नाही. पण काहींना त्याने भूक लागते. बघायचंच असेल तर एकच झुरका, घरात बसून, सोबत कुणी असताना. आणि गाडीला हात लावायचा नाही."

म्हणून मी.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघं बसली. ऑर्विल, कोरिन आणि शेजारची ज्युनिपर. या ज्युनिपरचं खरं नाव बार्बरा, पण ते तिने पन्नास वर्षांपूर्वीच टाकून दिलं होतं. पांढऱ्या केसांची वेणी, पायात रबरी बूट, आणि या विषयातलं तिचं ज्ञान म्हणजे विचारू नका. शेगडीवर कोरिनने टोमॅटोचं सूप ठेवलं होतं, वास पसरू नये म्हणून झाकण घट्ट लावून.

"आधी चुरायचं," ज्युनिपर बोटांत हिरवी कळी घेऊन म्हणाली. "पण पीठ नाही करायचं हं, नाहीतर नळीतून थेट जिभेवर येतं. वाटीत तळाला सैल, वर जरासं दाबून. दाबलं जास्त की हवाच जात नाही. आणि वाटी अर्धीच भर. तू नवखा आहेस."

"मी सत्तर वर्षांचा आहे," ऑर्विल म्हणाला.

"सत्तर वर्षांचा नवखा. आता डावा अंगठा या भोकावर. काडी लावायची ती कडेला, सगळी वाटी जाळायची नाही. हळू ओढायचं. थोडा धूर आत आला की अंगठा उचलायचा. मग बाहेरची हवा येते आणि नळीत साठलेला धूर पुढे ढकलते. धूर छातीत कोंडून ठेवायचा नाही, लगेच सोडून द्यायचा. कळलं?"

ऑर्विलचं माहीत नाही, मला कळलं! ते तिसरं दार शेवटी मोकळा श्वास घेण्यासाठी होतं. मला इतका आनंद झाला की पुढे काय घडतंय याकडे माझं लक्षच नव्हतं.

ऑर्विलने नळी ओठांत धरली. कोरिनने लायटर पेटवला. आणि त्याने फुंकलं.

वाटीतला हिरवा चुरा कारंज्यासारखा उडाला. थोडा लोण्याच्या बशीत पडला, बाकीचा ज्युनिपरच्या वेणीवर.

"ऑर्विल! पन्नास वर्षं मी हे ओढतेय, पण माझ्या डोक्यावर आजवर कुणी वाहिलं नव्हतं!"

"चुकलं," तो म्हणाला. "पुन्हा भरा."

पुन्हा भरलं. त्याने पुन्हा फुंकलं. ज्युनिपरने त्याला पेल्यात लिंबूपाणी आणि कागदी नळी दिली. ते त्याने सरळ ओढून संपवलं. मग मला तोंडात धरलं आणि गाल फुगले ते फुगलेच. मित्रांनो, त्याचा तरी काय दोष? एक्केचाळीस वर्षं ज्या तोंडात काच आली की बाहेर श्वासच गेला, त्या तोंडाला आता उलटं कोण शिकवणार?

"तोंडात काच आली की गाल मला विचारत नाहीत," तो घाम पुसत म्हणाला.

चौथ्या वेळी वाटी पेटलेली होती. निखारा उडाला आणि टेबलाच्या कापडावर पडला. कोरिनने ओल्या फडक्याने तो दाबला, तरी कापडाला भोक पडलंच. ऑर्विलने मला टेबलावर ठेवलं.

"पुरे झालं. न्या हे."

"डॅड, परवा गेला की बुधवारच आहे."

"मला वार कळतात. अकरा वर्षं ही खेळणी करतेस, त्यातलं एकही माझ्या कामाला येत नाही." आणि तो भिंतीला धरत आतल्या खोलीत गेला.

कोरिनने सूप डब्यात भरलं, मला पुसलं आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. सोमवारी ऑर्विलने अर्धा कप चहा घेतला आणि दोन बिस्किटं हातात धरून परत ठेवली. मंगळवारी सकाळी तो न्हाणीघरातल्या काट्यावर उभा राहिला, तेव्हा कोरिन दाराबाहेर होती.

"किती?"

"एकशे चौदा."

ती स्वयंपाकघरात आली आणि रविवारचंच सूप पुन्हा शेगडीवर ठेवलं. दुसरं काय करणार? पोटात काही जात नसलं तरी आपलं माणूस आहे तोवर घरात काहीतरी गरम होत राहिलं पाहिजे, असं तिला वाटत असावं. झाकण लावून ती लाकडं आणायला मागच्या दाराने गेली.

तेवढ्यात ऑर्विल आला. त्याला वाटलं घरात कुणी नाही. त्याने मला कठड्यावरून उचललं आणि उजेडात धरलं. मी अगदी अंग चोरून घेतलं. इतकं निरखून मला कुणीच पाहिलं नव्हतं. त्याने माझ्या वाटीच्या जोडावरून नख फिरवलं. मला टिचकी मारून आवाज ऐकला. मग डोळा बारीक करून नळीतून आरपार बघितलं. हा माणूस माझ्यात काय शोधतोय? तडा? बुडबुडा? मला माझ्याबद्दलच उत्सुकता वाटू लागली.

कोरिन दारात लाकडं घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. 'कशी झालीय?' हे तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. पण तिने विचारलं भलतंच.

"जोड बघतोयस?"

तो दचकला. "हं. नुसत्या डोळ्यांनी जोड कळत नाही."

"घाईत केलाय. गळत असेल तर फोडून टाकते."

"फोडायच्या आधी तपासतात," तो चिडून म्हणाला. "एवढंही विसरलीस?"

आणि त्याने जे केलं ते त्याने हजारो वेळा केलं असणार. प्रयोगशाळेतला प्रत्येक जोड तो असाच तपासायचा. एक बोट वाटीच्या तोंडावर, अंगठा बाजूच्या भोकावर, नळी ओठांत, आणि आतली हवा ओढून घ्यायची. जोड पक्का असेल तर जिभेचं टोक नळीला चिकटून राहतं. त्याने ओढलं. जीभ चिकटली. तो बोटांवर दहा मोजू लागला.

कोरिनच्या हातातलं एक लाकूड खाली पडलं.

"डॅड," ती फार हळू म्हणाली, जसं झोपलेल्या बाळाशेजारी बोलावं तसं. "आता गरम असताना तपास. गार जोड सगळेच पास होतात, गरम झाला की दगा देतो. तूच सांगायचास."

"सांगायचो," तो नळी काढून म्हणाला.

तिने वाटीत चिमूटभर चुरा घातला, तळाला सैल, वर जरासा दाबून. "अंगठा भोकावरच राहू दे. वाटीवर बोट नको, तिथे मी ज्योत धरते. तू फक्त जोड बघ."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला कळलं नसेल असं नाही. पण नळी त्याने ओठांत घेतली, आणि त्याच्या गालांना या वेळी दुसरं काम सांगितलेलं होतं. ते आत गेले. कडेचा चुरा लाल झाला. माझ्या पोटातून पहिल्यांदा धूर गेला, पांढरा, दाट. मला तो कसा लागला म्हणाल? धुकं खिडकीतून घरात यावं तसा.

"अंगठा!" कोरिन म्हणाली.

त्याने अंगठा उचलला आणि माझं तिसरं दार उघडलं. मग तो असा खोकला की डोळ्यांतून पाणी आलं. तिने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. दुसरा झुरका दिला नाही. मला टेबलावर ठेवलं आणि दोघं बसून राहिली.

पाच मिनिटं. दहा. काहीच होईना. तो म्हणाला, जीभ कोरडी पडलीय. मग म्हणाला, भिंतीवरचं घड्याळ आज फार सावकाश चालतंय. आणि मग, जणू काही विशेष नाही अशा आवाजात त्याने विचारलं,

"त्या भांड्यात काय आहे?"

कोरिन उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. तिने वाटीभर सूप दिलं, तव्यावर चीजचा पाव भाजला. पहिला चमचा त्याने डोळे मिटून घेतला. तो पोटात गेला आणि राहिला. दुसराही राहिला. पाव त्याने कडेपासून खात मधोमध आणला आणि मधला तुकडाही खाल्ला. कोरिन समोर बसून चमचे बघत होती. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

"आणखी आहे?" त्याने विचारलं. मग वाटी पुढे सरकवता सरकवता म्हणाला, "गळत नाही."

"काय?"

"जोड. पण भिंत जाड ठेवलीयस."

"मुद्दाम. वाटी तापते, बोटं भाजतात."

तो जरा विचारात पडला. "मीही तेवढीच ठेवली असती," तो म्हणाला. कोरिन सूप वाढायला शेगडीकडे वळली आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ पाठमोरी उभी राहिली.

बुधवारी सकाळी दवाखान्यात परिचारिकेने त्याला बूट काढायला लावले. कोरिनच्या जाकिटात, फडक्यात गुंडाळलेली मीही तिथे होते. काटा एकशे पंधरा आणि वर थोडासा गेला. ज्युनिपर बाहेर बाकावर बसली होती. तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बूट ठेवायला हवे होते, एकशे अठरा तर सहज झाले असते!" औषध मिळालं.

पुढचे सात महिने मी रोज कामाला होते. धुराने आतून काळी झाले, आणि त्या काळ्यावर चांदीची वाफ निळी दिसू लागली. हा रंग माझ्यात होता हे मलाच माहीत नव्हतं. दर रविवारी ऑर्विल मला पूर्ण गार होऊ द्यायचा, मग खडेमीठ आणि स्पिरिट पोटात घालून हलवायचा आणि कोमट पाण्याने धुवायचा. तापलेल्या काचेवर गार पाणी त्याने कधी पडू दिलं नाही. हे धुण्याचं काम मात्र तो कोरिनला करू द्यायचा नाही.

मग औषधांचा फेरा संपला. एका संध्याकाळी त्याने मला न वापरताच भाजलेला मासा खाल्ला, दुसऱ्या दिवशी ब्लॅकबेरीचा मुरांबा लावून पाव खाल्ला. आठवड्यातून एकदा, महिन्यातून एकदा, आणि पुढे काहीच नाही. त्याने मला धुतलं, वाळवलं, कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात घालून गॅरेजच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं, जिथे कोरिनच्या धाकट्या भाचरांचे हात पोचत नाहीत. त्याला आता सहा वर्षं झाली.

पहिल्या वर्षी मी वाट बघितली, खोटं कशाला बोलू? डब्याचं झाकण वाजलं की वाटायचं, आलं कुणीतरी. पण खाली याच गॅरेजात शनिवारी दोघं ज्योतीसमोर बसतात, तेव्हा त्यांचं बोलणं वर ऐकू येतं. "जाड झालं." "नाही झालं." "दे इकडे, तपासू दे." मग मधेच ऑर्विल म्हणतो, "आधी जेवू. भूक लागलीय." आणि दिवा मालवून दोघं आत जातात.

मित्रांनो, तुमच्या घरातही आजारपणात आलेली एखादी वस्तू असेल. काम झाल्यावर तिला पूर्ण गार होऊ द्या, स्वच्छ करा, आणि पोरांचा हात पोचणार नाही इतक्या उंच ठेवा. मग खुशाल विसरून जा. माझ्यावर आज बोटभर धूळ आहे, आणि खाली कुणीतरी पोटभर जेवतंय.