शेवटचं कडवं

तिच्या पहिल्यावहिल्या अल्बममध्ये नऊ गाणी होती आणि नऊच्या नऊ गाण्यांत एकाच माणसाची खरडपट्टी काढली होती. तो माणूस म्हणजे तिचा नवरा. भांडून तो घरातून निघून गेला, वर्षभर दोघं वेगळी राहिली, तेव्हाचा सगळा राग तिने गिटारवर काढला होता. पुढे दोघांचं पुन्हा जुळलं, संसार मार्गी लागला. पण गाणी झाली होती ती झालीच होती, आणि चांगली झाली होती. टाकून द्यायला तिचा जीव होईना. मग तिने आपला सोपा उपाय काढला: नवऱ्याला स्टुडिओची पायरी चढू द्यायची नाही. अल्बम बाहेर आल्यावर काय करणार होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

घात केला एसीने. त्याची घरघर माइकमध्ये उतरायला लागली, आणि बंद करावा तर घामाने बोटं तारांवरून सटकत. नवऱ्याचा धंदाच एसी दुरुस्तीचा. रेकॉर्डिंग करणाऱ्या दादांनी परस्पर त्याला फोन लावला. "घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?"

तो आला, स्टुलावर चढला, ढिली झालेली पट्टी आवळली. घरघर थांबली. दादा खूश होऊन म्हणाले, "बसा, बायकोचं गाणं तरी ऐका," आणि त्यांनी नेमकं तो घर सोडून गेला त्या दिवसाचं गाणं लावलं.

त्या गाण्यातला पुरुष दार आपटतो आणि शेवटच्या कडव्यात शीळ घालत जिना उतरून मित्रांच्या घोळक्यात हसत जातो. नवऱ्याने मान डोलवत सगळं ऐकलं.

"चाल झकास आहे," तो म्हणाला. "दार आपटलं, तेही खरं. पण शीळ कुठे घातली मी?"

"मग काय केलंस?"

"जिन्यात बसलो होतो. वाटलं, उघडशील. खालच्या काकू वर येत होत्या. म्हणाल्या, किल्ली विसरलास का रे? म्हटलं, हो."

"मग बेल का नाही वाजवलीस?"

"हिंमत नाही झाली." तो हत्यारं पेटीत भरत होता. "असू दे गं. गाण्यात शीळच बरी वाटते."

तो गेला आणि घरघर उतरलेलं ते गाणं पुन्हा गायला ती माइकसमोर उभी राहिली. शिळेच्या ओळीपाशी आली की दर वेळी ती गाणं थांबवे. तिला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला.

"दादा, शेवटचं कडवं काढून टाका."

"अगं, लोकांच्या काळजाला तेच तर भिडणार!" दादांनी कपाळाला हात लावला. ती काही बधली नाही.

अल्बम आला. त्या वर्षभरात जावयाच्या नावाने बोटं मोडून दमलेली तिची आई हेडफोन लावून सगळी गाणी चवीने ऐकत बसली. त्या गाण्याशी मात्र ती थबकली.

"हे मधेच कसं गं तुटलं? चांगला दाराबाहेर काढलास त्याला. पुढे काय झालं?"

"पुढचं मला माहीत नव्हतं, आई," ती म्हणाली. "मी दार उघडून बघितलंच नव्हतं."