दहा पुडे चहा

आमचे हे, म्हणजे श्रीशैल, लातूरला एमबीए करून कंधारच्या घरच्या किराणा दुकानात आले ते द्विपद संभाव्यता नावाचं गणित सोबत घेऊनच. मी सून म्हणून आले तेव्हा माझंही एवढं कौतुक झालं नव्हतं.

"प्रत्येक गिऱ्हाईक म्हणजे एक उडवलेलं नाणं, दुसऱ्याकडे न बघता पडणारं," ते म्हणाले. बसस्टँडवर उभं राहून त्यांनी शंभर बायकांना विचारलं, केसरबाग चहा आवडतो की मोरछाप? साठ जणी केसरबाग म्हणाल्या. म्हणजे कुठल्याही दहा जणींत साधारण सहा जणी केसरबाग नेणार. फार तर पाच किंवा सात. झालं, भविष्य मुठीत आलं.

माझे सासरे गुरुपादप्पा गादीवरून म्हणाले, "बाजारच्या दिवशी चहा घेणाऱ्या पहिल्या दहा बायका बघू. खरं निघालं तर ही गादी तुझी. न्हाई तर लातूरला जाऊन नोकरी धर."

ह्यांच्या शिक्षणाची वर्षं मी लातूरच्या एका खोलीत काढली होती, तिथं मला पुन्हा जायचं नव्हतं. म्हणून जीव तोडून सांगायला गेले, "अहो, बायका एकेकटीच्या मनानं चहा घेत नसतात."

"वर्षा, तुझं गणित कच्चं आहे."

बरं बाई. पक्क्या गणितापुढे आपण काय बोलणार?

बाजारच्या दिवशी सकाळीच दारात टमटम थांबली. दहा बायका उतरल्या, सगळ्या एकाच आळीतल्या. पुढच्या तारामतीबाईंनी मोरछाप घेतला. दुसरीनंही मोरछाप. तिसरीनंही तोच मागितल्यावर ह्यांना राहवेना. "मावशी, तिचं बघू नका. तुमच्या आवडीचा घ्या."

"आवडतो केसरबागच की," मावशी म्हणाली. "पर हिच्याकडून वाटीभर पत्ती उसनी आणलेली हाय. दुसरीच पत्ती परत दिली तर ही घेईल व्हय?"

"न्हाई घेणार," तारामतीबाई म्हणाल्या. "अन् आमच्या आळीत रोज कुणाची तरी वाटी कुणाच्या तरी घरी असतीच."

दहा जणींनी दहा मोरछाप नेले. ह्यांची नाणी एकमेकींना विचारून पडत होती. मला हसू आलं नाही, लातूरची ती खोली दिसायला लागली.

अप्पांनी शब्द पाळला. "जा आता लातूरला." मी पिशवी भरायला आत वळले, तर म्हणाले, "पोरी, तू कुठं चाललीस? गणित ह्याचं, पैज ह्याच्याशी, अन् ह्योच हरला. तू गादीवर बस. गिऱ्हाईक तुला कळतं."

नवरा जाणार याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण गादी मऊ होती.

स्टँडवर पोचवायला गेले. म्हटलं, जाताना काहीतरी मायेचं बोलतील. बस सुटेपर्यंत ते मला खिडकीतून समजावून सांगत होते, की दहाच्या दहा मोरछाप जाणं ही दहा हजारांत एखाद्या वेळी होणारी गोष्ट आहे, आणि ती पाहायला मिळाली हे आमचं केवढं नशीब.